प्रिंटर घ्यायचा की झेरॉक्सवाल्याकडे जायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

शाळा सुरू झाल्या की प्रिंटरचे प्रश्न येतातच, पण या वेळी ढीगच आलाय आणि त्यातले निम्मे एकाच गोष्टीभोवती फिरतायत, की तो टाकीवाला, म्हणजे इंक टँक प्रिंटर खरंच परवडतो का. म्हणून या अंकात फक्त तेच घेतलंय, वायफाय आणि इन्व्हर्टरवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत कळ काढा. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय त्यामुळे सगळ्यांचीच फक्त गावं देतेय.

प्रश्न : ताई, घरात दोन मुलं, एक पाचवीत एक आठवीत. ऑफरमधे स्वस्तात प्रिंटर घेतला होता, त्याची कार्ट्रिजं, म्हणजे शाईच्या डब्या, दोन-तीन महिन्यांत संपली आणि नवीन काळं आणि रंगीत मिळून जवळपास प्रिंटरच्याच किमतीला येतायत. दुकानदार म्हणतो टाकीवाला घ्या, बारा हजार. मिस्टर म्हणतात बारा हजारात झेरॉक्सवाल्याकडे जन्मभर प्रिंट मारून होतील. कोणाचं ऐकू? (सांगली)

दोघांचंही थोडं थोडं ऐका, आणि आधी कागद-पेन घेऊन बसा.

स्वस्त प्रिंटरचा धंदाच असा आहे की मशीन जवळजवळ फुकटात द्यायचं आणि पैसे कार्ट्रिजमधून काढायचे. कार्ट्रिजमधे शाई किती असते हे कोणी बघतच नाही. कॅननचं पीजी ७४५ घ्या, आपल्याकडे खूप घरांत आहे ते, त्यात ८ मिलिलिटर शाई आणि कंपनीच्या हिशेबाने १८० पानं. आठ मिलि म्हणजे दीड चमचा हो. किंमत हजाराच्या आतबाहेर धरली तर एका पानाला साडेपाच रुपये नुसत्या शाईचे, कागद वेगळा. आता एप्सनची ००३ नंबरची काळी बाटली बघा, ६५ मिलि, ४५०० पानं, किंमत साधारण चारशे. पानाला नऊ पैसे. कंपन्या जाहिरातीत दहा पैशात प्रिंट म्हणतात ते यातूनच येतं आणि ते खोटं नाहीये, फक्त त्यात मशीनचे पैसे धरलेले नसतात.

ते धरूया. साधा कार्ट्रिजवाला आणि टाकीवाला यात साधारण आठ हजारांचा फरक पडतो, आणि पानामागे वाचतात पाचेक रुपये. महिन्याला ६० पानं काढत असाल तर महिन्याला तीनशे वाचले, म्हणजे आठ हजार भरून यायला सव्वादोन वर्षं. १५० पानं काढत असाल तर वर्षाच्या आतच. आणि महिन्याला दहाच पानं असतील तर तेरा वर्षं लागतील, तेवढा प्रिंटरच टिकत नाही. किमती दुकानागणिक बदलतात, तुमच्याकडचे आकडे घालून हाच हिशेब परत करा, फार तर दोन-चार महिने इकडेतिकडे होईल.

आता मिस्टरांचं. बारा हजाराला पाच रुपयांच्या २४०० प्रिंट होतात, महिन्याला ६० ने तीन वर्षं चार महिने पुरतील. म्हणजे ते काही अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. पण मुलं असलेल्या घरात प्रिंट महिन्याला ६० वर थांबत नाहीत, शाई स्वस्त झाली की माणूस मोकळ्या हाताने छापतो. जुन्या प्रश्नपत्रिका, वर्कशीट, नकाशे, प्रोजेक्टची चित्रं, सातबारा, तिकिटं, परत प्रोजेक्टची चित्रं. आणि रंगीत प्रिंट दुकानात दहा-वीस रुपयांच्या खाली कोणी देत नाही, तिथे टाकीचा फायदा सगळ्यात जास्त दिसतो. शिवाय प्रोजेक्टची आठवण मुलांना रात्री साडेनऊलाच होते, त्या वेळी झेरॉक्सवाल्याचं शटर खाली असतं, याची किंमत मला लावता येत नाही तुम्हीच लावा.

अजून एक फायदा जो जाहिरातीत नीट सांगत नाहीत. रंगीत कार्ट्रिजमधे निळा, गुलाबी, पिवळा असे तिन्ही रंग एकाच डबीत असतात. मुलीने सूर्यफुलं छापली आणि पिवळा संपला की बाकीचे दोन अर्धे भरलेले असले तरी अख्खी डबी कचऱ्यात. टाकीत प्रत्येक रंग वेगळा, जो संपेल तोच भरायचा, आणि समोरून दिसतो किती राहिलाय ते.

माझं मत विचाराल तर तुमच्या घरासाठी घ्या. घेताना स्कॅनर असलेलाच घ्या, थोडे पैसे जास्त जातील पण आधारची झेरॉक्स घरी निघते. आणि पहिल्या बाटल्या लवकर उतरल्यासारख्या वाटल्या तर घाबरू नका, सुरुवातीची बरीच शाई नळ्या आणि हेड (कागदावर शाई उडवणारा भाग) भरण्यात जाते, कंपनीचा आकडा पुढच्या बाटल्यांपासून धरायचा. तोही ठरलेल्या नमुना पानांवरचा असतो, पानभर फोटो छापलात तर चार हजारबिजार विसरा.

प्रश्न : माझ्याकडे जुना इंकजेट चांगला चालू आहे. भाचा म्हणतो नवीन कशाला, बाहेरून बाटल्या आणि नळ्या लावायचं किट मिळतं, हजारभरात टाकीवाला होऊन जाईल. करावं का? (नाशिक)

भाचा हुशार आहे. खरं तर हे किटच आधी आलं, कंपन्यांचे टाकीवाले प्रिंटर नंतर. लोक आणि छोटे दुकानदार कार्ट्रिजला वैतागून बाजूला चार बाटल्या ठेवायचे, त्यातून चार बारीक नळ्या झाकणाखालून आत न्यायच्या आणि हेडला जोडायच्या, म्हणजे शाई अखंड येत राहते. इंडोनेशियात हे एवढं चालायला लागलं की शेवटी एप्सनने २०१० मधे तिथेच स्वतःचा टाकी असलेला एल १०० आणि एल २०० आणला, मग आपल्याकडेही आले. कॅनन, एचपी, ब्रदर यांना जाग यायला २०१५-१६ उजाडलं.

किट चालतं कसं ते समजून घ्या म्हणजे तुम्हीच ठरवाल. पंप वगैरे काही नसतो, हेड शाई उडवतं तशी मागची शाई नळीतून आपोआप ओढली जाते. त्यासाठी बाटल्यांची पातळी हेडपेक्षा थोडी खाली लागते. बाटल्या वर ठेवल्या, समजा प्रिंटर खालच्या फळीवर आणि बाटल्या वरच्या, तर शाई वजनानेच खाली उतरते आणि हेडमधून टपटप गळायला लागते, सकाळी उठून बघाल तर टेबलावर होळी. फार खाली ठेवल्या तर उलटं, शाई मागे सरकते, नळीत हवा शिरते आणि प्रिंट फिकी येते. मग नळ्या हेडबरोबर सारख्या इकडून तिकडे सरकत असतात, त्यांची लांबी चुकली तर अडकतात, नाहीतर झाकणात दाबल्या जातात. आणि ज्या कार्ट्रिजवर शाईचा हिशेब ठेवणारी चिप असते तिथे स्वतःच रिसेट होणारी चिप लावावी लागते, नाहीतर बाटल्या काठोकाठ भरलेल्या असताना प्रिंटर शाई संपली म्हणून बसून राहतो. काही कंपन्या सॉफ्टवेअर अपडेटमधून बाहेरच्या चिपा बंदही करतात, काल चालणारा प्रिंटर आज अचानक नाही म्हणतो.

एवढं सगळं सांभाळायची आवड भाच्याला असेल आणि तो तुमच्या गल्लीतच राहात असेल तर करा, मजा आहे त्यात. वॉरंटी अर्थातच गेली, पण जुन्याला ती नसणारच. तो पुण्याला-मुंबईला राहात असेल आणि दर वेळी फोनवर 'मामा, निळी नळी हलवून बघ' सांगणार असेल तर नको. दहा वर्षांपूर्वी मी कदाचित हो म्हटलं असतं कारण कंपनीचे टाकीवाले तेव्हा नवे होते आणि जपून घ्यावे लागायचे. आता तेच काम मशीनमधेच बांधलेल्या टाकीने होतं, ना नळ्या लोंबकळतात ना चिपेची कटकट, त्यामुळे किटचा जमाना घरापुरता तरी संपला असं मला वाटतं.

प्रश्न : मी निवृत्त आहे. महिन्यात दोन-तीन पानं, पेन्शनचं काहीतरी किंवा बँकेचं. मुलगा दिवाळीला इंक टँक भेट देणार म्हणतोय. शाई वाळते असं ऐकलं. (चिपळूण)

काका, मुलाला सांगा दुसरं काहीतरी दे.

शाई पाण्यातली असते आणि हेडची भोकं केसापेक्षाही बारीक. छापत राहिलं तर शाई फिरती राहते, महिनोन्महिने पडून राहिलं की भोकांच्या तोंडाशी वाळून बसते, दुकानदारांच्या भाषेत हेड चोकअप. मग ते उघडायला क्लीनिंग मारायचं, त्यात परत शाई जाते, म्हणजे न छापताच शाई संपते. कार्ट्रिजच्या बऱ्याच प्रिंटरांत हेड कार्ट्रिजबरोबरच येतं, चोकअप झालं तर नवीन कार्ट्रिज म्हणजे नवीन हेड. टाकीवाल्यात तसं नाही. एप्सनचं हेड मशीनमधेच बसवलेलं असतं आणि बदलायचं म्हटलं तर बिल ऐकून नवीनच घ्यावासा वाटतो. कॅननच्या जी मालिकेत आणि एचपीच्या इंक टँकमधे हेड काढून दुसरं बसवता येतं, तेवढा एक दिलासा.

दोन-तीन पानांसाठी बाजारपेठेतला झेरॉक्सवाला बरा. घरीच हवा असेल तर साधा काळा-पांढरा लेझर बघा, त्यात शाई नाही कोरडी पूड असते, सहा महिने झाकून ठेवला तरी पहिलं पान तसंच निघतं. कॅननचा एलबीपी २९०० म्हातारा झाला तरी सरकारी ऑफिसांतून अजून हलत नाही तो उगीच नाही. फक्त लेझर घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका, आतला हीटर एका क्षणात भरपूर करंट ओढतो. आणि तुमच्याकडे पावसाळ्यात कागद सादळतो, उघड्यावर ठेवलेला गठ्ठा वाकडा होऊन दोन-दोन पानं एकदम ओढतो, प्रिंटर कुठलाही असो. कागद पिशवीत बांधून ठेवायचा.

प्रश्न : टाकीवाला घेऊन दीड वर्ष झालं, आता प्रिंटमधे आडव्या पांढऱ्या रेघा येतात. हेड क्लीनिंग किती वेळा मारलं मोजलं नाही, शाई निम्मी झाली पण रेघा तशाच. सर्व्हिसवाला पॅड फुल होईल म्हणाला, ते काय असतं? (नागपूर)

आधी क्लीनिंग थांबवा. आत्ताच.

बहुतेक घरांत हेच होतं, रेघ दिसली की क्लीनिंग, परत रेघ, परत क्लीनिंग. प्रत्येक क्लीनिंगला प्रिंटर हेडमधून शाई ओढून बाहेर टाकतो, आणि ती शाई जाते कुठे तर मशीनच्या पोटात एक जाडसर शोषणारी गादी असते, तिच्यात. तेच पॅड. प्रिंटर आत हिशेब ठेवत असतो की पॅडमधे किती गेली, आणि आकडा भरला की छापायलाच नकार देतो. एप्सन स्क्रीनवर इंक पॅडचं आयुष्य संपलं असा मेसेज दाखवतो, कॅननमधे ५बी०० नावाचा एरर. मग गल्लीतला माणूस 'रिसेट मारतो' म्हणून दोन-तीनशे घेतो आणि फक्त आकडा शून्य करून देतो, गादी तशीच भिजलेली. थोड्या महिन्यांनी शाई खालून झिरपून टेबलावर येते. रिसेट मारायचा तर पॅड बदलून किंवा निदान धुऊन-वाळवूनच मारायला सांगा. आणि नेटवरून रिसेटरचं सॉफ्टवेअर स्वतः उतरवायला जाऊ नका, त्याच्याबरोबर व्हायरस फुकट येतो. नवीन घेणाऱ्यांनी हे जरूर बघा की पॅडच्या जागी आपल्याला बदलता येणारी मेंटेनन्सची डबी आहे का, कॅननच्या जी ३०२० सारख्या काही मॉडेलांत ती येते, मागून डबी काढायची नवीन सरकवायची, सर्व्हिस सेंटरचं तोंड बघायला नको.

आता रेघांचं. नोझल चेक, म्हणजे हेडची भोकं तपासायचा प्रकार मेनूत असतो, तो छापा. त्यात चारही रंगांच्या जाळ्या येतात, कुठल्या रंगाची जाळी तुटलीय ते बघा. सगळ्या अखंड असतील तर हेड ठीक आहे, भानगड दुसरीच, कागदाचा प्रकार चुकीचा निवडलाय किंवा ड्राफ्ट, म्हणजे कच्च्या प्रिंटची क्वालिटी चालू आहे, किंवा अलाइनमेंट, म्हणजे हेडची रांग सरकलीय. जाळी तुटकी असेल तर एक क्लीनिंग, मग नोझल चेक, सुधारलं तर अजून एक. दोन-तीनदा करून फरक नाही पडला तर प्रिंटर बंद करून निदान बारा तास हात लावायचा नाही. हे ऐकायला थापेसारखं वाटतं पण यात अर्थ आहे, सारख्या ओढाओढीने नळीत हवेचे बुडबुडे आलेले असतात ते बसून जातात आणि वाळलेली शाई नव्या शाईने थोडी सुटते. सकाळी परत एक क्लीनिंग मारून बघा, बरेच जण इथेच सुटतात. नळ्यांमधे हवेचे मोठे तुकडे उघड दिसत असतील तर पॉवर क्लीनिंग किंवा इंक फ्लश नावाचं मोठं क्लीनिंग असतं, पण ते शेवटचं हत्यार, टाक्या पुरेशा भरलेल्या असतानाच मारायचं, कारण ते शाई ढोसायचंच काम करतं.

हवा शिरते कशी, तर टाकीवर खालची रेघ असते तिच्या खाली शाई जाऊ दिली की. 'अजून थोडी आहे की' म्हणत तळ गाठायचा नाही.

आणि एक विचारते, तुम्ही प्रिंटर कसा बंद करता? आपल्याकडे सवय अशी की काम झालं की भिंतीवरचं बटण खट्ट. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबून बंद केला की हेड सरकून आपल्या जागी जातं आणि त्याखाली रबराची टोपी बसते, त्यामुळे शाई वाळत नाही. भिंतीवरून बंद केला आणि हेड अर्ध्या वाटेत असलं तर रात्रभर उघडंच. हेड चोकअपच्या निम्म्या तक्रारी या एका बटणाच्या असतील असा माझा अंदाज आहे, खात्री करून घ्यायला कोणी सर्वे केलेला नाही. आधी मशीनचं बटण, दिवा पूर्ण विझू द्या, मग वाटल्यास भिंतीवरचं. आणि आठवड्यातून एकदा चारही रंग असलेलं एक पान काढा, मुलांचं काही नसेल तर नोझल चेकच छापा, त्याला शाई नखाएवढी लागते.

प्रश्न : आमचा बचत गट मसाले आणि लोणचं विकतो. लेबलं घरीच टाकीवाल्या प्रिंटरवर स्टिकर पेपरवर काढतो, स्वस्त पडतात, पण ओला हात लागला की रंग पसरतो. लोणच्याच्या बरणीवर तर वाचताच येत नाही. (कोल्हापूर)

ताई, यात प्रिंटरची चूक नाही, शाईची जात वेगळी आहे. एक असते डाय, म्हणजे रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला, चित्रं चमकदार येतात पण पाणी लागलं की रंग परत पाण्याकडे जातो. दुसरी पिगमेंट, तिच्यात रंगाचे बारीक कण असतात, ते कागदावर बसले की सहज हलत नाहीत. घरच्या टाकीवाल्यांत रंगीत शाई जवळजवळ सगळीकडे डायच असते. काळ्यात फरक आहे. कॅननच्या जी मालिकेतली, एचपीची जीटी ५३ आणि ब्रदरची काळी या पिगमेंट आहेत, पण एप्सनच्या ००३ आणि ६६४ मधे काळीसुद्धा डाय. म्हणजे तुमच्याकडे एप्सनचा एल ३११० किंवा त्याची भावंडं असतील तर काळी अक्षरंही पसरणारच.

करता काय येईल. साधा स्टिकर पेपर सोडा, इंकजेटसाठीचं लेप असलेलं वॉटरप्रूफ स्टिकर शीट मिळतं, प्लॅस्टिकसारखं, त्यावर डायसुद्धा बरीच धरते. वरून पारदर्शक लॅमिनेशनचा थर चिकटवलात तर अजून चांगलं, पण कडा नीट दाबायच्या, तेल कडेनेच आत शिरतं. मसाल्याच्या कोरड्या पाकिटांना एवढं पुरेल. लोणच्याच्या बरणीला मात्र मी घरी छापायच्या भानगडीत पडणारच नाही, तेल, मीठ, ओले हात, फ्रीजमधून काढल्यावर सुटणारं पाणी, एवढं सगळं सोसायचं तर लेझरवर किंवा प्रेसमधून लेबलं काढून आणायची. हजारभर लेबलांची गठ्ठ्याने ऑर्डर दिली तर दरही उतरतो. फक्त बॅचची तारीख आणि किंमत घरी छापा, त्यासाठी पिगमेंट काळी असलेलं मशीन लागेल. आणि लेबलावर एफएसएसएआयचा नंबर, वजन, तारीख हे वाचता यायलाच हवं, नुसत्या दिसण्याचा प्रश्न नाहीये तो.

प्रश्न : लोकल शाई लिटरवर मिळते, कंपनीच्या बाटलीच्या निम्म्यापेक्षा कमी. वापरली तर चालते का? (लातूर)

चालते. किती दिवस, हा प्रश्न.

कार्ट्रिजच्या काळात बाहेरून रिफिल करणं शहाणपणाचं होतं कारण कार्ट्रिज हजाराचं आणि रिफिल शंभराचं. टाकीत कंपनीची शाईच पानाला दहा पैशांच्या आसपास पडते, तिथे अजून पाच पैसे वाचवायला बारा हजाराच्या मशीनचं हेड पणाला लावायचं हे मला काही पटत नाही. वर्षाला दोन हजार पानं काढलीत तर वाचले किती, शंभर रुपये. दिवसाला शेकडो प्रिंट काढणाऱ्या दुकानदाराचं गणित वेगळं, तो हेड बदलायचा खर्च धरूनच बसलेला असतो.

तरी वापरायचीच असेल तर दोन गोष्टी. डायच्या टाकीत पिगमेंट ओतू नका, त्या एकमेकींत मिसळल्या तर गाळ होऊ शकतो, आणि बाटलीवर जात छापलेली नसेल तर ती बाटली घेऊच नका. एप्सन आणि ब्रदरचं हेड शाईला विजेने हलणाऱ्या बारीक पट्टीने ढकलतं, कॅनन आणि एचपीचं हेड शाई तापवून वाफेच्या बुडबुड्याने उडवतं, त्यामुळे एकासाठी बनवलेली शाई दुसऱ्यात 'शाई ती शाई' म्हणून घालायची नसते. दुसरं म्हणजे कप आणि टीशर्टवर छापायची सब्लिमेशन शाई. ती एकदा टाकीत घातली की तो प्रिंटर त्याच कामाचा झाला, परत साधी शाई घालून मुलांचे प्रोजेक्ट काढू म्हणाल तर नळ्या धुता धुता पुरेवाट होईल. ज्यांना तो धंदा करायचाय त्यांनी त्यासाठी वेगळं मशीनच ठेवावं.

प्रश्न : पुण्याहून बंगळुरूला बदली झालीय, भरलेल्या टाक्यांसकट प्रिंटर पॅकर्सकडे दिला तर चालेल ना? (पुणे)

देऊ नका, निदान तसाच नाही. टाक्यांची झाकणं घट्ट लावा, एप्सनच्या जुन्या एल मालिकेत ट्रान्सपोर्ट लॉकची एक कळ असते ती फिरवा, हेड आपल्या जागी असताना टेपने पक्कं करा, सगळा प्रिंटर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि मग खोक्यात. सगळ्यात महत्त्वाचं, तो आडवा किंवा उलटा होता कामा नये, आणि पॅकर्सची माणसं 'धिस साइड अप' किती मनावर घेतात हे तुम्हाला माहीतच आहे. जमलं तर स्वतःच्या गाडीत मागच्या सीटखाली सरळ ठेवून न्या. पोचल्यावर टेप काढायला विसरू नका, आधी नोझल चेक, लगेच क्लीनिंग नको.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो, आईला इथला इकोटँक, म्हणजे एप्सनचा टाकीवाला, भेट म्हणून डोंबिवलीला आणायचा विचार आहे, इथे सेलमधे छान मिळतोय. (न्यू जर्सी)

आणू नका, पैसे पाठवा आणि डोंबिवलीतच घ्यायला सांगा. पहिली गोष्ट व्होल्टेज, अमेरिकेतले बरेच प्रिंटर ११० च्या आसपासच्या विजेवर चालतात, मागच्या पट्टीवर १०० ते १२० लिहिलेलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो पहिल्याच दिवशी जाईल. दुसरी गोष्ट बाटली. भारतात जी एप्सनची ००३ म्हणून मिळते तसल्याच प्रिंटरना अमेरिकेत ५२२ आणि युरोपात १०४ नंबरच्या बाटल्या लागतात, तुमच्या आईने डोंबिवलीत ५२२ मागितली तर दुकानदार मोबाइलच्या दुकानात पाठवेल. आणि वॉरंटी ज्या देशात घेतला त्या देशाची.

प्रश्न : सेलमधे बाटल्यांचा सेट स्वस्त मिळाला म्हणून तीन सेट घेऊन ठेवले. खराब होतात का? (ठाणे)

बाटलीवर तारीख असते, ती बघून ठेवा आणि जवळची तारीख आधी वापरा. सील न फोडता, उभ्या, अंधाऱ्या कपाटात ठेवल्या तर तारखेपर्यंत काही होत नाही, फक्त गॅलरीतल्या उन्हात किंवा गॅसशेजारी नको. एकदा फोडली की अर्धी ओतून अर्धी ठेवू नका, वरच्या रेघेपर्यंत पूर्ण भरा, आणि उरलीच तर झाकण घट्ट लावून सहा महिन्यांत संपवा. तीन सेट म्हणजे घरगुती वापराला बरीच वर्षं झाली हो, एखादा सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाका, कोणीतरी लगेच घेईल.